‘फक्त बघायचं’ लॉगिन आणि सगळ्या किल्ल्या

शाखेची लाइन तुटली की मुख्य कार्यालयातल्या स्क्रीनवर लाल खूण दिसते. ही खूण दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमधलं झॅबिक्स हे मोठं नाव. कंपनी लॅटव्हियातल्या रिगा शहरातली, पण सॉफ्टवेअर ओपन सोर्स. परवान्याचे पैसे लागत नाहीत, म्हणून कमी बजेटच्या संस्थांनाही परवडतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यातल्या दोन गंभीर त्रुटी जाहीर झाल्या. एकीला धोक्याचे १० पैकी ९.९ गुण, दुसरीला ७.५.

कमी गुणांची त्रुटी आधी पाहू, कारण ती हिशेबाच्या माणसाला लगेच कळेल. एपीआय वापरण्याची मुभा असलेला साधा वापरकर्ता स्वतःच्या खात्यात बदल करून स्वतःलाच प्रशासकांच्या गटात घालू शकत होता. लॉगिन कोणाचं, हे सॉफ्टवेअर बघत होतं. त्या गटात जायचा त्याला अधिकार आहे का, हे बघतच नव्हतं. म्हणजे व्हाउचर लिहिणाऱ्यानंच पासिंगची सही ठोकली! ९.९ वाल्या त्रुटीत तशाच साध्या लॉगिनवरून थेट डेटाबेसमधली माहिती काढता येत होती.

असं साधं लॉगिन असतं कुणाकडे? एएमसीवाल्या इंजिनिअरकडे, ट्रेनीकडे, कधी नोकरी सोडून गेलेल्याकडेही. ‘फक्त बघायला’ दिलंय, म्हणून पासवर्ड बदलायची तसदी कुणी घेत नाही. खरं तर कोणता सर्व्हर कुठे आहे, त्याचा पत्ता काय, याचा अख्खा नकाशा याच सॉफ्टवेअरकडे असतो.

जुलै २०२४ अखेर सुमारे ३०० लहान बँकांचे पेमेंट व्यवहार अडकले, तेव्हा रॅन्समवेअरचा हल्ला बँकांवर नव्हता, त्यांना तंत्रसेवा देणाऱ्या कंपनीवर होता. शिरकावाची वाट वेगळी होती, पण खातेदाराचे हाल व्हायचे ते झालेच. सहकारी बँकांच्या संचालकांनी हे लक्षात ठेवलेलं बरं. सर्ट-इनच्या २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना कळल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. पण कळण्यासाठी आधी कुणीतरी बघायला हवं.

६.०.३३, ६.४.१८ आणि ७.०.२ या आवृत्त्यांत दोन्ही त्रुटी दुरुस्त आहेत, आणि त्या जाहीर होण्याआधीच ही दुरुस्ती उपलब्ध होती. अडकले ते ‘चालतंय ना, मग कशाला हात लावा’ म्हणणारे. अपडेट करून भोक बुजतं खरं. पण त्याआधी कुणी स्वतःचं नाव प्रशासकांच्या गटात घालून घेतलं असेल, तर ते अपडेटनंतरही यादीत तसंच राहतं. यादी उघडून हातानंच काढावं लागतं.