सुंदर चेटकीण कुणाला हवी?

हिरवागार चेहरा, बाकदार नाक, हनुवटीवर चामखीळ, डोक्यावर काळी टोकदार टोपी आणि उडायला झाडू! चेटकीण म्हटली की जगभरच्या मुलांना आज हेच ध्यान आठवते. त्याचे बरेचसे श्रेय १९३९ सालच्या ‘द विझार्ड ऑफ ऑझ’ या चित्रपटाला जाते. पण ही चेटकीण आधी चक्क देखणी असणार होती, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल.

एल. फ्रँक बॉम यांच्या १९०० सालच्या मूळ पुस्तकातली पश्चिमेची दुष्ट चेटकीण एकाक्ष आहे. त्या एका डोळ्याने तिला दुर्बिणीसारखे लांबवरचे दिसते. हातात झाडू नाही, छत्री आहे. हिरव्या कातडीचा तर पुस्तकात पत्ताच नाही. म्हणजे एमजीएम कंपनीला ती पडद्यावर नव्यानेच घडवायची होती.

त्याआधी १९३७च्या अखेरीस डिस्नेचा ‘स्नो व्हाइट’ येऊन गाजला होता. त्यातली दुष्ट राणी रूपवान, ऐटबाज! निर्माता मर्विन लरॉयच्या मनात तीच भरली. त्याने गेल सॉन्डरगार्डला बोलावले. सहाय्यक अभिनेत्रीसाठीचे पहिलेवहिले ऑस्कर मिळवणारी ही नटी, आणि तेही लरॉयच्याच चित्रपटासाठी. वेशभूषाकार एड्रियन हा हॉलिवूडच्या तारकांचे नखरे कपड्यांत उतरवणारा किमयागार. गेलसाठी काळा, चमचमत्या टिकल्यांचा अंगासरसा झगा आणि तशीच लखलखणारी टोपी तयार झाली. चाचणीची छायाचित्रे आजही पाहायला मिळतात. त्यात ती चेटकीण कमी आणि रात्रीच्या मेजवानीला निघालेली श्रीमंत बाई अधिक वाटते!

मग शंका निघाली. दुष्ट चेटकीण कुरूपच हवी, नाहीतर मुले घाबरणार कशाला? गेलची पुन्हा चाचणी झाली, या वेळी विस्कटलेले केस आणि विद्रूप चेहरा. तिने स्वतःचे ते रूप पाहिले आणि भूमिका नाकारली. पडद्यावरच्या आपल्या प्रतिमेवर पोट असलेल्या नटीने असे करावे, यात तिला दोष देता येत नाही. पुढे १९४०च्या ‘द ब्लू बर्ड’मध्ये मात्र ती लबाड मांजरी झाली, आणि मांजरी दिसायला झोकदार होती!

चित्रीकरण तोंडावर आलेले असताना मार्गारेट हॅमिल्टनची निवड झाली. सिनेमात येण्यापूर्वी ही बाई बालवाडीत शिकवत असे. ऑझचे पुस्तक तिचे लहानपणापासूनचे लाडके. आपल्याला नेमकी कोणती भूमिका देताहेत, असे तिने विचारले, तेव्हा तिच्या एजंटाला प्रश्नाचेच आश्चर्य वाटले. चेटकिणीशिवाय दुसरी कोणती असणार? तिने ते मनाला लावून घेतले नाही. नवऱ्यापासून वेगळी झालेली, पदरी लहान मुलगा. तिची घासाघीस चालली होती ती रूपावरून नव्हे, किती आठवड्यांच्या कामाची हमी मिळणार यावरून.

तिच्यासाठी एड्रियनने टिकल्या बाजूला ठेवल्या. पायघोळ काळा पोशाख, घट्ट चोळीचा वरचा भाग, लांब झूल आणि उंच टोपी. त्या काळ्या रंगावर हिरवा चेहरा असा काही उठून दिसला की टेक्निकलरचे चीज झाले. पुस्तकातली चंदेरी पादत्राणे पडद्यावर माणकासारखी लाल झाली, तीही या रंगीत छायाचित्रणासाठीच. रंगभूषाकार जॅक डॉनने खोटे नाक आणि हनुवटी चिकटवली. हिरव्या रंगात तांबे होते. ते पोटात गेले तर विषबाधा व्हायची, म्हणून मार्गारेट दिवसभर नळीने पातळ पदार्थ पिऊन राही. काम संपल्यावरही तिच्या कातडीवर कित्येक आठवडे हिरवी झाक उरली होती.

या रंगानेच एकदा घात केला. २३ डिसेंबर १९३८ रोजी चेटकीण धुराच्या लोटात अदृश्य होते तो प्रसंग चालला होता. मार्गारेटने फळीवर उभे राहायचे, फळी खाली गेली की ज्वाळा उठायच्या. पहिल्या खेपेस सारे ठीक झाले (चित्रपटात तीच खेप आहे). दुसऱ्या खेपेस ज्वाळा आधीच उठल्या. टोपीने आणि झाडूने पेट घेतला, चेहरा आणि हात भाजले. भाजलेल्या कातडीवर तांबे ठेवून चालणार नव्हते, म्हणून रंग ताबडतोब स्पिरिटने पुसून काढावा लागला. त्या वेदनांची कल्पनाच केलेली बरी. सहा आठवड्यांनी ती परतली ती आगीचे काम करणार नाही ही अट घालूनच. हाताला रंग सोसवेना, म्हणून हिरवे हातमोजे घातले. नंतर धूर सोडणाऱ्या झाडूवर बसायलाही तिने नकार दिला. तिच्याऐवजी बेटी डँको बसली, झाडूतल्या नळीचा स्फोट झाला आणि बेटीला रुग्णालयात न्यावे लागले.

एवढे सोसून पडद्यावर चेटकीण दिसते जेमतेम बारा मिनिटे! मुले फार घाबरतील म्हणून तिचे बरेच काम कापले गेले. तरीही २००३ साली अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने शंभर वर्षांतले खलनायक निवडले, तेव्हा तिचा क्रमांक चौथा लागला.

मुलांवर जीव असलेल्या मार्गारेटला मात्र आपल्याला पाहून मुले भेदरतात याचे वाईट वाटे. १९७५ साली फ्रेड रॉजर्स यांच्या मुलांसाठीच्या दूरदर्शन कार्यक्रमात ती साध्या कपड्यांत आली, हसतमुख आजीसारखी. तिथे सगळ्यांदेखत तिने चेटकिणीचा काळा वेश एकेक करून अंगावर चढवला. शेवटी टोपी घातली आणि ते ओळखीचे खदखदा हसू हसून दाखवले.