बिनपगारी खेळायचं का पोरींनी?

बारावीचे निकाल लागले आणि कॉलेजात प्रवेशाची गर्दी सुरू झाली की आमच्या जळगाव-धुळ्याकडे आणखी एक लगबग सुरू होते. क्रीडाशिक्षक चांगल्या खेळणाऱ्या मुलामुलींच्या घरी जातात, आई-वडिलांशी बोलतात. "आमच्या कॉलेजकडून खेळू द्या, पुढचं आम्ही बघतो." कबड्डी-खोखोसाठी हे जुनंच आहे, आता फुटबॉलसाठीही मुली शोधल्या जातात. पण 'पुढचं' म्हणजे नेमकं काय, हे सहसा ना ते सांगतात, ना आपण विचारतो. घरी आलेल्या सरांना पैशाचं कसं विचारायचं, हा आपला संकोच!

म्हणून हा प्रश्न आज उघडपणे मांडते. शिष्यवृत्ती नाही, मानधन नाही, तरी मुलीनं कॉलेजच्या संघातून खेळावं का?

आमच्या बचत गटातल्या एका मावशीनं याचा सरळ हिशेबच मांडला. कापूस वेचणीच्या दिवसांत पोरगी सोबत आली तर संध्याकाळी दोघींची मजुरी घरात येते. आणि आंतरमहाविद्यालयीन सामन्यांची धावपळ नेमकी दिवाळीच्या मागेपुढे. "मन्ही पोर तीन वरीस खेयनी, तिले काय भेटनं?" असं ती म्हणाली. काय मिळालं ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. दोन चषक, एक ट्रॅकसूट आणि स्नेहसंमेलनातला फोटो.

आता थोडं बारकाईनं बघू या. शिष्यवृत्ती म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर फी येते. पण अनुदानित कॉलेजात बी.ए., बी.कॉम. करणाऱ्या मुलीचा मोठा खर्च फीचा नसतोच. मागास प्रवर्गांना शासनाच्या शिष्यवृत्त्या आहेत. व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी तर आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण शुल्कात पूर्ण माफी मिळाली आहे. एसटीचं तिकीट १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं झालं. खेळणाऱ्या मुलीचा खरा खर्च आहे तो बुटांचा, दूध-अंड्यांचा, आणि गुडघा दुखावला तर एमआरआयचा. कळण्याची भाकरी आणि ठेचा खाऊन पोर नव्वद मिनिटं धावेलही हो, पण रोज दोन वेळा सराव करायचा तर तेवढ्यावर भागत नाही.

अमेरिकेतल्या कॉलेजांत, त्यांच्या त्या अंगावर धावून जाण्याच्या फुटबॉलमध्ये, शिष्यवृत्तीशिवाय संघात येणाऱ्या खेळाडूला 'वॉक-ऑन' म्हणतात. बरीच वर्षं तिथल्या मोठ्या संघांना ८५ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती, बाकीची मुलं आपल्या खर्चानं यायची. २०२५ मध्ये न्यायालयातल्या तडजोडीनंतर ती मर्यादा गेली, संघच १०५ जणांचा ठरला आणि कॉलेजांना खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा मिळाली. तिथं सामन्यांच्या तिकिटांतून आणि टीव्हीवरून अफाट पैसा येतो, म्हणून खेळाडूंनी वाटा मागितला. आपल्या कॉलेजांना सामन्यातून दमडी मिळत नाही, हे त्यांच्या बाजूनं म्हटलंच पाहिजे. शिवतीर्थ मैदानावर किंवा धुळ्याच्या गरुड मैदानावर मुलींचा सामना झाला तर तिकीट कोण काढणार?

पण कॉलेजला काहीच मिळत नाही, हेही खरं नाही. नॅकच्या मूल्यांकनात विद्यार्थ्यांनी विद्यापीठ, राज्य, राष्ट्रीय पातळीवर मिळवलेली पदकं मोजली गेली आहेत, त्यावर गुण मिळाले आहेत. पोरीचं पदक फाईलला लागतं, फाटकावरच्या फ्लेक्सवर येतं, पुढच्या वर्षीच्या माहितीपत्रकात छापलं जातं. शिवाय प्रत्येक विद्यार्थ्याच्या फीच्या पावतीवर एक ओळ असते, जिमखाना फी. आपल्या मुलाची पावती घरात असेल तर आत्ताच काढून बघा. कधी मैदानावर पाय न ठेवणारी शेकडो मुलं ही फी भरतात. मग त्या पैशातून मैदानावर घाम गाळणाऱ्या पंधरा-सोळा पोरींना बूट का मिळू नयेत?

दुसरी बाजू भविष्याची. "खेळलात तर नोकरी लागेल" असं सर्रास सांगितलं जातं. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, ते खरंच आहे. पण कोणत्या पदासाठी कुठली स्पर्धा आणि कितवा क्रमांक लागतो, हे नियमांत ठरलेलं आहे. कॉलेजच्या सामन्यातल्या सहभागाच्या प्रमाणपत्राला तिथं किंमत नाही. बोगस प्रमाणपत्रांची प्रकरणं उघडकीस आल्यापासून तर पडताळणी कडक झाली आहे. आपल्या जिल्ह्यांतल्या प्रमाणपत्रांची पडताळणी नाशिकच्या विभागीय क्रीडा उपसंचालकांकडे होते. नोकरीच्या आशेवर तीन वर्षं घालवण्याआधी हे कागद वाचा, नाहीतर वाचता येणाऱ्या कुणाला विचारा.

मोठ्या खेळाडूंची उदाहरणं दिली जातात. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतचं तर नेहमीच. आदिवासी पाड्यावरची अनवाणी धावणारी ही मुलगी २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक घेऊन आली. सुरुवात तिनं शिष्यवृत्तीची वाट न बघताच केली, हे बरोबर. पण पुढे तिला नाशिकमध्ये विजेंद्र सिंग यांच्यासारखे प्रशिक्षक भेटले, हे सांगायला आपण विसरतो. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील फुटबॉल विश्वचषकात भारताकडून खेळला, तोही पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून घडलेला. 'खेलो इंडिया'त निवड झालेल्यांना महिन्याला दहा हजार रुपये हातखर्चाला देण्याची योजना आहे. पण ती निवडक मुलांसाठी. तिथपर्यंत पोचण्याआधीचा रस्ता बिनपैशाचाच आहे. २०१७ च्या सप्टेंबरात 'मिशन वन मिलियन' म्हणून राज्यभर शाळांत फुटबॉल वाटले गेले होते, आठवतंय ना? चेंडू आला, पण पोरीला बूट कोण देणार ते कुणी ठरवलं नाही.

मला स्वतःला विचाराल तर मुलींनी खेळावं, शिष्यवृत्ती नसली तरी खेळावं. मात्र पैसा गौण आहे असं मी म्हणणार नाही. मुलासाठी महिन्याचे पाचशे रुपये म्हणजे हातखर्च. मुलीसाठी ते पाचशे रुपये म्हणजे घरातून मिळालेली परवानगी. "उन्हात काळी पडेल", "हाफ पँटीत फिरते", "स्थळं यायची वेळ झाली" असं बोलणाऱ्या आत्या-काकूंना आईनं काय उत्तर द्यायचं? कॉलेज पैसे देतं म्हटलं की खेळ हे काम होतं, आणि कामावर जाणाऱ्या पोरीला सहसा कुणी अडवत नाही. किती गुणी मुली अशा एका उत्तराअभावी दुसऱ्या वर्षाला संघातून गायब होतात, ते मी डोळ्यांनी बघते आहे.

त्यामुळे रोख देता येत नसेल, तर बाकीचं कागदावर द्यावं. बाहेरगावी जाताना सोबत बाई कोण असेल, मुक्काम कुठे, जेवणाचा भत्ता किती. दुखापत झाली तर दवाखान्याचा खर्च कुणाचा. सामन्यामुळे अंतर्गत परीक्षा चुकली तर ती पुन्हा घेणार का. हे शेवटचं फार महत्त्वाचं, कारण सत्र पद्धतीत एक चाचणी हुकली की वर्षभर ओढाताण होते. नव्या शैक्षणिक धोरणात सहशालेय उपक्रमांना श्रेयांक आहेत, त्यात खेळही येतो. तर संघातल्या मुलीला ते आपसूक मिळतात की तिला वेगळा अर्ज करावा लागतो, तेही विचारून ठेवा. आणि विचारायला बापाला एकट्याला पाठवू नका, तुम्ही जा. मुलीला सोबत न्या.

आमच्या गटातल्या सात जणी मागच्या आठवड्यात एका कॉलेजात अशाच गेलो होतो. प्राचार्यांनी चहा दिला, ऐकून घेतलं. सरावानंतर रोज दोन अंडी आणि केळी द्यायचं त्यांनी कबूल केलं. केळी काय, जळगावात कुणीही देईल, असं आमच्यातली एक बाहेर पडताना म्हणालीच! चाचणी पुन्हा घेण्याचं लेखी देतो म्हणाले. बुटांचा विषय जिमखाना समितीपुढे ठेवणार आहेत. समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे, तारीख आम्ही लिहून घेतली आहे.