शाळेची सायकल आली, पण दिव्याचं काय? डायनॅमो, सेल की चार्जिंग, अंधारात कोणता दिवा खरंच कामाला येतो?

डिसेंबरच्या सुरुवातीला हिंगोलीत पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. जादा तास संपवून त्याच वेळी शाळेतून निघालेल्या मुलीला सायकलवरून पाच किलोमीटर कापायला साधारण 25 मिनिटं लागतात. म्हणजे घर येईपर्यंत अंधार पडलेला असतो.

हे पाच किलोमीटर महत्त्वाचे आहेत. मानव विकास कार्यक्रमात शाळेपासून 5 किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलसाठी अनुदान मिळतं. राज्यातल्या 125 तालुक्यांत ही योजना आहे आणि त्यात हिंगोली जिल्हाही येतो. 2022 मध्ये हे अनुदान 3,500 वरून 5,000 रुपये झालं. पण आपल्याकडे दुकानातून घेतलेल्या साध्या सायकलला बहुतेकदा दिवा नसतो. तो वेगळा घ्यावा लागतो.

धोका कुठून येतो?

बहुतेक जण आधी पुढचा दिवा घेतात. केंद्र सरकारच्या 2022 च्या अपघात अहवालात मात्र 'मागून धडक' हा टकरींचा सर्वांत मोठा प्रकार होता. हे आकडे सगळ्या वाहनांचे आहेत, पण सायकलवाल्याला मागून येणारी गाडी दिसतच नाही.

हिंगोली, कळमनुरीवरून नांदेडकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग 161 वर वाहनं वेगात असतात. वसमत भागात गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्यांची भर पडते. 60 च्या वेगातली गाडी सेकंदाला जवळपास 17 मीटर जाते. सायकल दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तरी गाडी 25 मीटर पुढे आलेली असते. गाडी थांबायला लागणारं अंतर त्यानंतरचं.

कोणता दिवा कसा चालतो?

डायनॅमो : टायरला घासून वीज तयार करणारा जुना डायनॅमो साधारण 6 व्होल्ट, 3 वॉटचा असतो. सेल नको, चार्जिंग नको. पण पायडल जड होतं आणि चढावर वेग कमी झाला की उजेड मंदावतो. सायकल थांबली की साध्या डायनॅमोचा दिवा विझतो, नेमका रस्ता ओलांडायला उभं असताना.

सेलवरचा एलईडी : स्वस्त आणि गावातल्या दुकानात मिळणारा. थांबल्यावरही चालू राहतो. सेल उतरत जातात तसा उजेड हळूहळू कमी होतो आणि ते पटकन लक्षात येत नाही.

चार्जिंगचा एलईडी : उजेड सर्वांत चांगला. मात्र रोज आठवणीने चार्ज करावा लागतो. रात्री लोडशेडिंग असेल, तर सकाळी दिवा रिकामा.

रिफ्लेक्टर : सायकलवरच्या रिफ्लेक्टरच्या दर्जासाठी केंद्राने 2020 मध्ये आदेश काढला. पण रिफ्लेक्टर स्वतः उजेड देत नाही. मागच्या गाडीचा हेडलाइट त्यावर पडला तरच तो चमकतो. तो हवाच, पण दिव्याच्या जागी नाही.

खोक्यावरचा 'लुमेन' आकडा किती खरा?

लुमेन म्हणजे दिव्यातून निघणारा एकूण उजेड. त्यातला रस्त्यावर किती पडतो, हे लक्समध्ये मोजतात. जर्मनीत सायकलच्या पुढच्या दिव्याचा उजेड 10 मीटरवर किमान 10 लक्स असावा लागतो आणि तो समोरच्याच्या डोळ्यांत जाता कामा नये. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो. त्यामुळे चारही बाजूंना उजेड फेकणाऱ्या मोठ्या आकड्याच्या दिव्यापेक्षा खाली रस्त्यावर झोत टाकणारा छोटा दिवा जास्त उपयोगी.

मग आधी काय घ्यायचं?

पैसे एकाच दिव्यापुरते असतील, तर आधी मागचा लाल दिवा. रस्त्यावर बल्ब नसलेल्या भागात पुढचाही लागतोच, खड्डा आणि जनावर दिसण्यासाठी. मागचा दिवा सीटखाली लावला, तर कॅरिअरवरच्या दप्तराने तो झाकला जातो. म्हणून तो मडगार्डवर किंवा कॅरिअरच्या टोकाला बसवावा. घरच्यांनी अंधारात 50 पावलं मागे जाऊन बघावं. तिथून लाल दिवा स्पष्ट दिसला, तर मागून येणाऱ्या चालकालाही तो वेळेत दिसण्याची शक्यता वाढते.