टका आणि टक्का

बांगलादेशाने भारतीय संत्र्यावरील आयातशुल्क, जे 2019 साली तेथील चलनात किलोमागे 20 टका होते, ते 2023 पर्यंत 88 टका करून ठेवले, ही बातमी आमच्या वर्गात सांगितली तेव्हा बहुतेक वह्यांत ती ‘88 टक्के’ अशी उतरली. चूक एका शब्दाची होती आणि ती जागच्या जागी दुरुस्त करता आली असती. परंतु मूल्यानुसार बसणारी जकात आणि वजनावर बसणारी जकात यांतील सगळा भेद त्याच चुकीत सामावलेला असल्यामुळे तास तिच्यावरच खर्च करणे आम्हांला इष्ट वाटले. टक्केवारीची जकात मालाच्या किमतीबरोबर चढते व उतरते. किलोमागची जकात मात्र फळाचा भाव निम्म्यावर आला तरी तसूभर हलत नाही, आणि म्हणून तिचा बोजा उत्तम फळापेक्षा हलक्या फळावर, टंचाईच्या सालापेक्षा विपुलतेच्या सालात, अधिक पडतो.

ही जकात सीमेपलीकडे भरली जाते. पण ती अखेर कोणाच्या पदरी पडते, याचे उत्तर काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी या टापूतील बागांत शोधावे लागते. व्यापारी बागेत येतो, ओळीओळीने फिरतो, चार झाडांच्या फांद्या उचलून आतले फळ पाहतो, मनाशी अदमास बांधतो, हजारी किंवा टनाचा भाव ठरवून विसार हातावर ठेवतो. आंबिया बहाराचे फळ ऑक्टोबर-नोव्हेंबरात तोडीला आले म्हणजे ते फार दिवस झाडावर राखता येत नाही. फळगळ सुरू झाली की सकाळी झाडाखाली पडलेला सडा पाहूनच बागायतदाराचा धीर सुटतो, आणि दूरच्या बाजारात भाव मोडल्याचे कारण पुढे करून व्यापाऱ्याने ठरलेला दर तोडला तरी तो बहुधा मुकाट्याने मान्य करतो. उलटपक्षी ढाक्याचा ग्राहक संत्रे महागले तर दुसऱ्या फळाकडे वळतो. ज्याला थांबता येत नाही त्याच्यावर करभार सरकतो, हे पुस्तकात लवचिकतेच्या आकृतीने दाखवलेले तत्त्व येथे विसाराच्या नोटांवर वाचता येते. राज्य सरकारने 2023 च्या अखेरीस निर्यातदारांना या शुल्काच्या निम्म्याइतके अनुदान देण्याचे जाहीर केले, त्यासही हाच प्रश्न उलट दिशेने लावला पाहिजे: निर्यातदाराला मिळणाऱ्या रकमेपैकी बागेपर्यंत किती झिरपते?

संत्र्याची जकात परमुलखाने बसवली. कापसाची आपल्याच सरकारने उठवली. अमेरिकेने भारतीय मालावर 50 टक्के शुल्क लादण्याच्या सुमारास, 19 ऑगस्ट 2025 पासून, कापसावरील 11 टक्के आयातशुल्क प्रथम 30 सप्टेंबरपर्यंत आणि पुढे 31 डिसेंबरपर्यंत माफ झाले. सूतगिरण्यांना व त्यांतील मजुरांना स्वस्त रुई हवी होती, ही अडचण खरी आहे आणि ती विद्यार्थ्यांपासून लपवू नये. परंतु वेचणीचा हंगाम दसरा-दिवाळीपासून भरात येतो, आणि माफीची वाढीव मुदत नेमकी त्याच महिन्यांवर येऊन पडली, ही गोष्ट पंचांग पाहूनही कळण्यासारखी होती. अशा वेळी आधार उरतो तो हमीभावाचा; पण लांब धाग्याच्या कापसाचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये होता, असे उत्तरपत्रिकेत लिहिणारा विद्यार्थी, 8 टक्क्यांच्या वर ओलावा गेला तर त्यातून कपात होते आणि 12 टक्क्यांच्या वर गेला तर गाडी परत जाते, हे खरेदीकेंद्रावर उभा राहिल्याखेरीज जाणणार नाही. अवकाळी पावसाने भिजलेल्या कापसात ओलावामापक खुपसला जातो त्या क्षणी शेतकऱ्याची नजर त्या आकड्यावर कशी खिळते, हे ज्याने पाहिले त्याला हमीभाव आणि हाती पडणारा भाव यांतील अंतर निराळे शिकवावे लागत नाही.

चालू घडामोडी म्हणून आपण आज जे शिकवतो ते बहुधा रेपो दराचे आकडे आणि समित्यांची नावे यांची उजळणी असते, आणि स्पर्धापरीक्षांच्या धास्तीने ती दिवसेंदिवस वाढत आहे. याचे आम्हांला मनापासून दुःख होते. धनंजयराव गाडगीळांनी गोखले संस्थेतर्फे 1933 साली पुण्याच्या फळबाजाराची पाहणी प्रसिद्ध केली. सहकार व नियोजन यांच्या विचारात पुढे ज्यांचा शब्द प्रमाण मानला गेला, त्या अर्थशास्त्रज्ञाला फळांची पाटी, अडत्याची दलाली व वाहतुकीचा खर्च यांचा हिशेब मांडणे कमी प्रतीचे वाटले नाही. काटोलच्या विद्यार्थ्याला तर ती पाटी घरीच भरताना दिसते.

आमची अध्यापकांना विनंती अशी आहे की, मृग बहाराची तोड फेब्रुवारीत सुरू होण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या गावातील एका बागेच्या सौद्याची वही घालावी. सौद्याची तारीख, विसाराची रक्कम, बोललेला भाव, तोडीच्या दिवशी मिळालेला भाव, कॅरेटचे भाडे व तोडणीची मजुरी कोणी दिली, आणि भाव तोडला असल्यास व्यापाऱ्याने सांगितलेले कारण त्याच्याच शब्दांत, एवढे रकाने पुरेत. बागायतदाराचे नाव वहीत येऊ देऊ नये, कारण पुढच्या साली त्याला त्याच व्यापाऱ्याशी बोलायचे असते. जमलेल्या वह्या हंगाम संपताच आमच्याकडे पाठवाव्यात; त्यांतील नोंदी रकान्यांसह छापण्यासाठी उन्हाळ्यातील अंकाची पाने आम्ही राखून ठेवली आहेत.