पिल्लू वाढते ते कशाच्या जोरावर?

ब्रॉयलर कोंबडीविषयी एक गोष्ट नळावर, चाळीत, बाजारात हमखास ऐकू येते. "त्या कोंबड्यांना हार्मोनची इंजेक्शने देतात. ती खाल्ली की मुली लवकर शहाण्या होतात." ऐकणारी आई बिचारी घाबरते. मग घरात कोंबडी शिजली की मुलाच्या ताटात चार फोडी पडतात आणि मुलीच्या ताटात नुसता रस्सा! मोलमजुरी करणाऱ्या घरात आठवड्यातून एकदा मिळणारा सकस घास एका ऐकीव गोष्टीपायी मुलीच्या तोंडून काढला जातो. म्हणून आज या गोष्टीचा नीट शोध घ्यावा असे आम्हाला वाटते.

हार्मोन म्हणजे काय, ते आधी पाहू. मराठीत त्याला संप्रेरक म्हणतात. अंगातील काही ग्रंथी अगदी थोडा रस रक्तात सोडतात. तो रक्तावाटे दूरच्या अवयवापर्यंत जातो आणि त्याला 'वाढ', 'थांब', 'ऊब तयार कर' असा निरोप देतो. गंमत अशी, की हे ज्ञान माणसाला मिळाले ते कोंबड्याकडूनच! इ. स. १८४९ मध्ये जर्मनीतील ग्योटिंगेन येथे बेर्टहोल्ड नावाच्या शास्त्रज्ञाने काही कोवळे कोंबडे खच्ची केले. त्यांचा तुरा वाढला नाही, ते आरवेनात, भांडेनात. दुसऱ्या काही कोंबड्यांचे वृषण काढून त्याने त्यांच्याच पोटात दुसऱ्या जागी बसवले. ते मात्र चांगले तुरेबाज कोंबडे झाले. जुन्या जागेच्या नसा तर तुटलेल्या होत्या. म्हणजे निरोप गेला तो रक्तावाटे. पुढे १९०५ साली स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञाने अशा रसांना 'हार्मोन' हे नाव दिले.

तेव्हा हार्मोन नसलेली कोंबडी जगात नाही. गावठी कोंबडीतही ते आहे आणि तुमच्या-आमच्या अंगातही आहे. प्रश्न एवढाच, की बाहेरून टोचले जाते काय?

मेंदूच्या तळाशी वाटाण्याहून लहान अशी पिट्यूटरी ग्रंथी असते. तिच्यातून वाढीचे हार्मोन निघते. त्याच्या निरोपावरून यकृत दुसरे एक द्रव्य तयार करते आणि त्याने हाडे व मांस वाढते. परंतु हे हार्मोन म्हणजे एक प्रकारचे प्रथिन आहे. खाद्यात कालवले तर पोटात डाळीसारखे पचून जाईल. टोचायचे म्हटले तर हजारो पिल्ले पुन्हा पुन्हा हातात धरून टोचावी लागतील. तो खर्च कोणत्या पोल्ट्रीवाल्याला परवडेल? शास्त्रज्ञांनी प्रयोग म्हणून टोचून पाहिले, तरी कोंबडीच्या वाढीत म्हणावा तसा फरक पडला नाही. कोंबड्यांत एक बुटकी जात आहे. तिच्या रक्तात हे हार्मोन भरपूर असते, पण निरोप घेणारी जागाच जन्मतः बिघडलेली असते, म्हणून ती खुजीच राहते. केवळ हार्मोन वाढवून कोंबडी वाढत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

मग चाळीस ग्रॅमचे पिल्लू सहा आठवड्यांत दोन किलोचे होते ते कसे? याचे उत्तर वाणात आहे. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाने १९५७, १९७८ आणि २००५ या तीन काळांतील वाणांची पिल्ले एकाच वेळी, एकच खाद्य देऊन वाढवली. त्याचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. ५६ व्या दिवशी जुन्या वाणाचे वजन सुमारे ९०० ग्रॅम, मधल्याचे १८०० ग्रॅम आणि नव्याचे ४२०० ग्रॅम भरले. खाद्य तेच, दिवस तेवढेच. फरक फक्त वंशाचा! शेतकरी जसे टपोरे कणीस बियाण्याला राखतो, तसे पिढ्यान्‌पिढ्या जोमदार कोंबड्या निवडून हा वाण घडवला गेला. त्याची किंमतही त्या मुक्या जिवाला मोजावी लागते. अंग झपाट्याने वाढते, पाय आणि हृदय मागे पडते. ब्रॉयलर लंगडतो, त्याच्या पोटात पाणी होते, ते यामुळेच.

मग ही अफवा आली कुठून? तिला थोडा आधार आहे. अमेरिकेत १९४० नंतरच्या काळात मांस मऊ व चरबीदार व्हावे म्हणून स्त्री-हार्मोनसारख्या एका कृत्रिम औषधाच्या गोळ्या कोंबड्यांच्या मानेत बसवत असत. धोका लक्षात आल्यावर १९५९ साली तेथे कोंबड्यांसाठी तो वापर बंद झाला. प्रकार संपला, पण भीती राहिली. दुसरे असे, की आपल्याकडे लोक पिल्लांना सुई टोचताना, डोळ्यात थेंब टाकताना पाहतात. ती असते लस. मॅरेक्स, मानमोडी, गंबोरो अशा रोगांपासून पिल्लू वाचावे म्हणून ती दिली जाते, वजन वाढावे म्हणून नव्हे.

ज्या आमच्या भगिनी महिला मंडळाच्या किंवा बचत गटाच्या आधाराने परसात पिल्ले पाळतात, त्यांना आमचे सांगणे आहे, की 'वजन वाढवणारे हार्मोन' म्हणून कोणी बाटली विकायला आला तर पैसे घालवू नका. खरे हार्मोन पिल्लाच्या अंगात फुकट आहे. त्याला काम करू देणे तेवढे आपल्या हाती आहे.

पहिली गोष्ट ऊब. मानेच्या तळाशी थायरॉइड ग्रंथी असते. तिचे हार्मोन अंगात ऊब निर्माण करते. पण नुकत्याच फुटलेल्या पिल्लाला ते पुरत नाही. म्हणून पहिल्या आठवड्यात पिल्लांजवळ ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब ठेवावी आणि पुढे दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी करावी. पिल्ले दिव्याखाली गोळा झाली तर थंडी समजावी, दूर पळून धापा टाकू लागली तर उष्मा समजावा. सगळीकडे विखरून चरत असली तर सर्व ठीक.

दुसरी गोष्ट आहार. अन्न तोकडे पडले तर वाढीचे हार्मोन कितीही असले तरी यकृत त्याचे ऐकत नाही. नुसता कोंडा आणि कण्या घालून पिल्लू भरत नाही. त्याला सोयाबीनची किंवा शेंगदाण्याची पेंड, सुकटीचा चुरा असे प्रथिन हवे आणि चोवीस तास स्वच्छ पाणी हवे.

तिसरी गोष्ट शांतता. गर्दी, ऊन, तहान, कुत्र्या-मांजराची भीती यांमुळे मूत्रपिंडाजवळच्या ग्रंथीतून ताणाचे हार्मोन रक्तात उतरते. ते अंगातलेच मांस मोडून खर्ची घालते. घाबरलेले पिल्लू खाल्लेले अंगी लावून घेत नाही, ते म्हणूनच. पिल्लांना ऐसपैस जागा द्या.

चौथी गोष्ट उजेड. अंड्यासाठी पाळलेल्या तलंगांना वयाआधी दिव्याचा उजेड वाढवू नका. दिवस लांबला की अंडी देण्याचे हार्मोन जागे होते. अंग भरण्याआधीच तलंग अंड्यावर आली तर अंडी बारीक येतात आणि अंग बाहेर येण्याचा धोका असतो.

आता पुन्हा मुलीच्या ताटाकडे वळू. बाजारात येणारा ब्रॉयलर स्वतःच सहा आठवड्यांचे पोर असतो, अजून वयातही आलेला नसतो. मागच्या शंभर-दीडशे वर्षांत जगभर मुली लवकर वयात येऊ लागल्या, त्याचे मोठे कारण सुधारलेले पोषण आणि वाढलेले वजन हे आहे. आठ वर्षांच्या आतच मुलीत वयात येण्याची चिन्हे दिसली तर कोंबडीला दोष देत बसू नका, तिला डॉक्टरांना दाखवा.

काळजी घ्यायचीच तर ती दुसऱ्या गोष्टीची घ्या. काही पोल्ट्रींत रोग नसतानाही प्रतिजैविके, म्हणजे अँटिबायोटिक औषधे, खाद्यातून दिली गेली. त्यामुळे जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि उद्या आपलेच मूल आजारी पडले तर तेच औषध त्याला लागू पडत नाही. म्हणूनच भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये कोलिस्टिन या औषधावर जनावरांसाठी बंदी घातली. आपण घरी कच्चे मांस चिरलेली विळी आणि हात साबणाने धुवावेत, मांस पूर्ण शिजवावे. पिल्ले पाळत असाल तर पशुवैद्यकांना विचारल्यावाचून औषध देऊ नये.

माता-भगिनींनो, भीती बाळगायची असेल तर ती खऱ्या धोक्याची बाळगा. येत्या रविवारी कोंबडी शिजली तर मुलाला जेवढ्या फोडी, तेवढ्याच मुलीलाही वाढा. वाढते अंग तिचेही आहे!