आजीच्या बटव्यातली ती एक पुडी

रात्रीचे अडीच. लालबागमधल्या आमच्या सोळाव्या मजल्यावर एकच दिवा चालू आणि एकच आवाज, तोही फुल्ल व्हॉल्यूममध्ये. आमची सात महिन्यांची कन्या गेले तीन दिवस हाताला लागेल ते चावतेय. माझं बोट, बाबाच्या घड्याळाचा पट्टा, टीव्हीचा रिमोट, काहीही. लाळ इतकी की दिवसाला आठ लाळेरी लागतात. टॉर्च मारून बघितलं तर खालची हिरडी लाल, सुजलेली आणि मधोमध तांदळाच्या कणीएवढं काहीतरी पांढरं. दात! आनंदाने ओरडणार होते, पण त्या खात्यावर आधीच कोणीतरी काम करत होतं.

सकाळी घरात मेडिकल कॉन्फरन्स भरली. गिरगावातून आईचा फोन : ज्येष्ठमधाची काडी चघळायला दे. सासूबाई म्हणाल्या, खारीक दे हातात, बसेल चोखत. शेजारच्या काकूंनी डिकेमाली उगाळून हिरडीला लावायला सांगितली. (डिकेमालीचा वास ज्यांनी घेतलाय त्यांना वेगळं सांगायला नको. बाळ दात विसरून वासासाठीच रडेल.) आणि मग आल्या आमच्या आजेसासूबाई. वय वर्षं ब्याऐंशी, मुक्काम लालबागचीच चाळ, पाच मुलं आणि अकरा नातवंडांचा अनुभव गाठीशी. त्यांनी बटव्यातून एक छोटी पुडी काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. "टाकणखाराची लाही आहे गो. मधात कालव आणि हिरडीवर चोळ. आमची पाचही पोरं याच्यावरच वाढली."

खरं सांगू? मी मधाची बाटली काढली होती. तीन रात्रींचं जागरण, त्यात 'नॅचरल' म्हटलं की आपल्या पिढीचा पटकन विश्वास बसतो. शांपूपासून बिस्किटांपर्यंत सगळ्यावर आपण तो शब्द शोधतो. आजीच्या बटव्यातलं म्हणजे तर शंभर टक्के सेफ, नाही का?

ब्रेक लागला तो नवऱ्यामुळे. हा चाळीतला कॅरमचा चॅम्पियन. पुडी बघून म्हणाला, "टाकणखार म्हणजे बोरॅक्स ना? आपल्या बोरिक पावडरचा सख्खा भाऊ!"

तिथे माझी झोप उडाली. बोरिक पावडर, म्हणजे जी आपण कॅरम बोर्डवर टाकतो आणि जिच्या गोळ्या करून किचनच्या कोपऱ्यात झुरळांसाठी ठेवतो. टाकणखार सोनाराकडेही असतो, डाग देताना लागतो. आजी म्हणतात ती लाही म्हणजे टाकणखार तव्यावर फुलवलेला. पण फुलवल्यावर उडून जातं ते फक्त त्यातलं पाणी. बोरॉन तिथेच राहतो. इवल्याशा शरीरात तो रोज थोडा थोडा गेला तर साठत जातो. १९८३ साली डॉक्टरांनी सात बाळांची हकिकत छापली होती. त्यांच्या चोखणीला मध आणि बोरॅक्सचं तयार मिश्रण लावलं जायचं. सातही जणांना फिट्स येत होत्या. मिश्रण बंद केल्यावर त्या थांबल्या. म्हणजे आजींच्या पुडीचाच फॉर्म्युला, फक्त बाटलीत भरलेला.

मधाचं वेगळंच. त्यात बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. आपल्या मोठ्यांच्या पोटात ते काही करत नाहीत, पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते रुजतात आणि विष तयार करतात. बाळ ढिलं पडतं, श्वासावर येऊ शकतं. म्हणून पहिला वाढदिवस होईपर्यंत मध नाही. चाटवायलासुद्धा नाही.

आता यावर "जुनी माणसं अडाणी" असा शेरा मारायचा मोह होतो. तो मारण्याआधी जरा साहेबाकडे बघा. इंग्लंडमध्ये विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दात येण्यासाठी ज्या पावडरी केमिस्टकडे मिळायच्या, त्यांत चक्क पारा असायचा. पोरांचे हातपाय गुलाबी पडायचे, सोलवटायचे. आजाराचं नावच 'पिंक डिसीज'. १९५४ मध्ये त्या पावडरींतून पारा काढला आणि आजार जवळजवळ गायब झाला. आणि आजचं? हिरडी बधिर करणारी बेंझोकेनची जेल दोन वर्षांखालच्या मुलांना लावू नका, असं अमेरिकेच्या एफडीएने २०१८ मध्ये बजावलं, कारण क्वचित का होईना, रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकदच कमी होऊ शकते. २०१७ मध्ये त्याच एफडीएला तिकडच्या काही होमिओपॅथिक टीदिंग गोळ्यांत बेलाडोनाचं प्रमाण वाट्टेल तसं कमी-जास्त सापडलं होतं. आणि ते ऑनलाइन मिळणारे, फोटोत क्यूट दिसणारे अंबरच्या मण्यांचे हार? गळ्याला फास बसण्याची आणि मणी घशात अडकण्याची भीती. तेव्हा आजी असो की अ‍ॅप, पुडी उघडून बघायची ती दोघांचीही.

बाकीच्या सूचनांचं काय झालं? खारीक चोखून मऊ झाली की तिचा तुकडा सुटतो, ज्येष्ठमधाच्या काडीचे धागे निघतात. दोन्ही घशात अडकू शकतात, म्हणून दोन्ही बाद. डिकेमाली मी वासावरच नाकारली, शिवाय ती बाळाला किती चालते हे मला कोणी सांगू शकलं नाही. आमच्या दादरच्या डॉक्टरांनी जे सांगितलं ते ऐकून आधी मी खट्टूच झाले. इतकं साधं? हात स्वच्छ धुऊन बोटाने हिरडी दोन मिनिटं दाबून चोळा. मलमलचा स्वच्छ तुकडा उकळून गार केलेल्या पाण्यात बुडवून, पिळून फ्रीजमध्ये ठेवा आणि चावायला द्या. फ्रीजरमध्ये नको, बर्फासारखं कडक झालेलं फडकं नाजूक हिरडीला लागतं. चमचाही तसाच गार करून चालतो. आमच्या उष्टावणाची चांदीची वाटी-चमचा शोकेसमधून बाहेर निघाली ती यासाठी. वरचं खाणं सुरू झालं असेल तर गार दही. जास्तच कळ असेल तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांना विचारून. हनुवटीवर लाळेने पुरळ येतं, तिथे टिपून थोडं खोबरेल. संपलं.

आणि एक गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली. ताप १००.४ च्या वर गेला, उलट्या झाल्या, पातळ शी चालूच राहिली, तर ते दातांच्या खात्यावर टाकू नका. २००० साली अमेरिकेत सव्वाशे बाळांची रोजची नोंद ठेवून एक अभ्यास झाला. चावणं, लाळ, चिडचिड, किंचित अंग कोमट होणं हे दातांशी जुळलं. मोठा ताप, जुलाब, खोकला नाही जुळले. आपल्याकडे मात्र "दात येतायत ना, होणारच" म्हणून कान फुटेपर्यंत थांबणारे आहेत. सहा महिन्यांनंतर आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरू लागते आणि त्याच वेळी बाळ जमिनीवरचं सगळं तोंडात घालू लागतं. जुलाब तिथून येतात, आणि तेव्हा ओआरएस लागतं, टाकणखार नाही.

तुमच्यासाठी यातली खरी गोची पुढेच आहे. २०१७ च्या दुरुस्तीने मॅटर्निटी लीव्ह २६ आठवड्यांची झाली. २६ आठवडे म्हणजे सहा महिने, आणि बहुतेक बाळांचा पहिला दात त्याच सुमारास डोकावतो! म्हणजे तुम्ही लोअर परळच्या ऑफिसात पहिल्या आठवड्याचं प्रेझेंटेशन देत असणार आणि दुपारी अडीचला रडणाऱ्या बाळाला काय चोळायचं हे सासूबाई, आई किंवा पाळणाघरातल्या ताई ठरवणार. माझी एक मैत्रीण जॉइन झाल्यावर पंधरा दिवसांनी तिला कळलं की घरी रोज मधाचं बोट चाटवलं जातंय. कोणी लपवलं नव्हतं. तिने विचारलंच नव्हतं. तेव्हा लॅपटॉपची बॅग भरायच्या आधी हे बोलणं उरकून घ्या. फोनवर मेसेज टाकून नाही, समोर बसून.

मी बसले. हातात पुडी, समोर आजी, घशात गोळा. गूगलवर वाचलं असं म्हटलं असतं तर उठून गेल्या असत्या. मी म्हटलं, "आजी, डॉक्टर टाकणखार आणि मध नको म्हणतायत. फिट येऊ शकते म्हणे." त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "माझ्या तिसऱ्याला यायच्या. वाडियात नेला होता." परळचं वाडिया, मुलांचं हॉस्पिटल, १९२९ पासूनचं. लालबाग-परळच्या किती पिढ्या तिथे नेल्या असतील. त्या फिट्स कशाने आल्या हे आज कोण सांगणार? मी विचारलं नाही, त्यांनीही पुढे काही सांगितलं नाही. फक्त हात पुढे करून पुडी परत मागितली आणि बटव्यात न ठेवता सिंकमध्ये रिकामी केली.

नंतर फ्रीजमधलं माझं फडकं बघून हसल्या. "हे होय? हे तर आम्हीपण करायचो. फ्रीज कुठला, माठाला ओला पंचा गुंडाळलेला असायचा, त्याच्याखाली मलमलची चिंधी दाबून ठेवायची. पोर दुपारभर चावत बसायचं." मग ही आयडिया आधी का नाही सांगितली? "ते काय औषध आहे?"

आता दुपारची ड्युटी आजींकडे आहे. तीन फडकी फ्रीजच्या दाराच्या कप्प्यात डब्यात घालून ठेवलेली असतात, एक चावायला, दोन वेटिंगवर. परवा वाटीने पाणी पाजताना चांदीवर 'टक्' असा आवाज आला आणि आजींनी आख्खा मजला गोळा केला. दात खालचाच आहे हे त्यांनी चष्मा लावून दोनदा तपासलं, कारण वरचा आधी आला तर मामावर संकट म्हणतात. मग लगेच माझ्या भावाला गिरगावात फोन : "सुटलास रे बाबा!"