कोल्हा तिथला, कोल्हा इथला

तर मंडळी, आलो एकदाचा परत! तीन वर्षं 'हे रिलीज झालं की नक्की' असं म्हणत ढकललेली केनियाची ट्रिप शेवटी झाली. बॅगा अजून हॉलमध्येच पडल्यात, बुटांवर मसाई माराची धूळ आहे आणि सोमवारी सकाळी ऑफिस. म्हणून आवराआवर अर्धवट सोडून आधी हे लिहितोय.

सिंह दिसले, हत्ती दिसले, एक चित्ताही दिसला. नदी ओलांडणारे विल्डबीस्टचे लोंढे मात्र नाही बघायला मिळाले. ते जुलै ते ऑक्टोबर, आणि आमची रजा मंजूर झाली फेब्रुवारीत! पण घरी येऊन बघतो तर सगळ्यात जास्त फोटो कुणाचे? काळ्या पाठीच्या कोल्ह्याचे. पहाटे गाडीपासून वीसेक फुटांवर उभा होता. ड्रायव्हर कुजबुजत माहिती देत होता, आम्ही श्वास रोखून बसलेलो. माणशी दिवसाला १०० डॉलर फी भरून मी त्याचे त्रेसष्ट फोटो काढले.

काल पनवेलला पोचलो, फोन चार्जिंगला लावला, तर सोसायटीच्या ग्रुपवर १८४ मेसेज. मागच्या भिंतीपाशी रात्री कोल्हा दिसला होता म्हणे. 'लांडगा आहे', 'मुलांना खाली सोडू नका', 'पकडून न्यायला कुणाला सांगायचं?' तो आला कुठून, हे एकानेही विचारलं नाही. नवी मुंबईच्या खारफुटीत सोनेरी कोल्हे राहतात, आपण इथे इमारती बांधायच्या आधीपासून. खरं सांगू? ट्रिपच्या आधी हे घडलं असतं, तर पकडून न्या म्हणणाऱ्यांत मीही असतो.

आता कुणी म्हणेल, अरे, तिथे जंगल आहे, इथे शहर. मलाही तसंच वाटायचं. पण शेवटच्या दिवशी आम्ही नैरोबी नॅशनल पार्क बघितलं. राजधानीला अगदी खेटून, सुमारे ११७ चौरस किलोमीटर, १९४६ पासून राखलेलं. जिराफाच्या मानेमागे चक्क टॉवर दिसतात. २०१९ मध्ये सुरू झालेला रेल्वेमार्ग या पार्कातूनच जातो, पण सुमारे सहा किलोमीटर खांबांवरून. खालून प्राणी ये-जा करतात. तिथेही सगळं गोड नाही. या रेल्वेला जोरदार विरोध झाला होता, आणि पार्कच्या दक्षिणेची मोकळी कुरणं वस्तीमुळे आक्रसतायत. पण निदान प्राणी कुठून जाणार, हा प्रश्न नकाशा काढतानाच विचारला गेला.

आपल्याकडे? पनवेलपासून बारा किलोमीटरवर कर्नाळा, १९६८ पासूनचं पक्षी अभयारण्य. मुंबई-गोवा महामार्ग त्यातूनच जातो, सरळ जमिनीवरून. कडेला माकडं बसतात आणि लोक गाडीतून खाऊ फेकतात. लहानपणी एसटीच्या खिडकीतून केळी मीही टाकलीयत. मारामध्ये मात्र वेफर्सचं पाकीटसुद्धा बॅगेतून बाहेर काढलं नाही. म्हणजे शिस्त आपल्याला येते, ती फक्त डॉलर मोजल्यावर आठवते.

विमानतळ नको होता, असं म्हणायला मला तोंड नाही. उलव्याची टेकडी कापली, नदीचा प्रवाह वळवला आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून विमानं उडू लागली. त्याच विमानतळाच्या भरवशावर मी इथे फ्लॅट घेतलाय. भाव वाढला की मलाही बरंच वाटतं. पण आमच्या धंद्यात एक गोष्ट सगळ्यांना माहीत असते. रिक्वायरमेंटमध्ये जे लिहायचं राहतं, ते शेवटी बग म्हणून समोर येतं. मग तो रात्री अकरा वाजता फोन करून उठवतो. भिंतीपाशी आलेला कोल्हा हा तसाच बग आहे, आणि चूक त्याची नाही. फ्लॅट घेताना आपण पार्किंग विचारतो, पाण्याचा टँकर येतो का विचारतो. मागची खारफुटी किती लांब आहे, तिच्यावर भराव पडलाय का, हे कोण विचारतं? मी नव्हतं विचारलं.

असो. काल रात्री ग्रुपवर लिहिलं : त्याला पकडायचं नाही, जवळ जायचं नाही, खायला टाकायचं नाही. कचऱ्याचे डबे झाकायचे, खाडीकडचा फ्लडलाइट रात्री बंद करायचा. जखमी किंवा आजारी दिसला तर वन विभागाची हेल्पलाइन, १९२६.

उत्तरं तीन आली. एक अंगठा. एक 'तूच ठेव घरी'. आणि तिसरं खजिनदारांचं : झाकणाचे डबे केवढ्याला पडतात?

मी आजच बाजारात जाऊन विचारून येतोय. कपडे नंतर धुऊ.